तीव्र नैराश्याची औषधं: फायदा आणि त्रास यांचा हिशोब कसा मांडायचा

डॉक्टरांनी तीव्र नैराश्याचं निदान करून चिठ्ठी दिलीय, गोळ्या घरी आल्यात, आणि खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद वाचून पहिली गोळी घ्यायची छाती होत नाही. अशा माणसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी मी हे लिहिते आहे. मी कोकणातली, देवगड तालुक्यातली. ही औषधं मी स्वतः घेतली, त्यांचा त्रास काढला, आणि त्यांच्याच आधाराने पुन्हा उभी राहिले. कोणती गोळी घ्यावी हे मी सांगणार नाही, ते डॉक्टरांचं काम आहे. पण औषध घ्यायचं का, चालू ठेवायचं का, बदलायचं का, या निर्णयात आपलाही वाटा असतो. तो नीट उचलता यावा म्हणून ही माहिती.

सगळ्यात आधी

मरणाचे विचार आत्ता येत असतील तर पुढचं वाचत बसू नका. टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. धोका अगदी समोर दिसत असेल तर १०८ किंवा ११२ लावा आणि त्या माणसाला एकटं सोडू नका. आपल्याकडे आंब्याच्या कलमांवर फवारायची औषधं पडवीत किंवा मांगरात उघडी पडलेली असतात. ती आजच कुलपात जाऊ देत, आणि किल्ली शेजारच्या घरी. उंदराचं औषध आणि घरातला गोळ्यांचा साठाही तसाच बाजूला करा. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारलं की तो विचार डोक्यात भरतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. कुणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलतो.

१. कशाशी काय तोलायचं, ते आधी ठरवा

बहुतेक घरांत हिशोब इथेच चुकतो. गोळीमुळे मळमळतं, झोप येते, वजन वाढतं, हे एका पारड्यात टाकतात आणि दुसऱ्या पारड्यात ठेवतात आजारापूर्वीचा धडधाकट माणूस. मग गोळी हरणारच. दुसऱ्या पारड्यात ठेवायचा आहे तो उपचाराविना राहिलेला आजार. रात्री दोन-अडीचला उघडणारे डोळे, दिवसचे दिवस न केलेली आंघोळ, तोंडात फिरणारा घास, आंब्याचा हंगाम दारात येऊनही बागेकडे न वळलेलं पाऊल, आणि ते विचार. गोळीचा त्रास या सगळ्यापेक्षा जड आहे का, हा खरा प्रश्न.

म्हणून आजार किती खोल आहे हे कागदावर असू द्या. डॉक्टर पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी वापरतात, ती मराठीतही आहे. गुण ० ते २७ असतात, २० किंवा त्याहून जास्त म्हणजे तीव्र. पहिल्या दिवसाचा आकडा तारखेसह लिहून ठेवा. पुढे तोच कामाला येतो. नैराश्य सौम्य असेल तर डॉक्टर सहसा गोळीपासून सुरुवात करत नाहीत. समुपदेशन, दिनचर्या, व्यायाम यांवर भर देतात. तीव्र असेल तर औषध आणि बोलण्याचा उपचार दोन्ही सोबत चालवणं चांगलं मानतात.

औषधांचा उपयोग किती? २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २१ औषधांच्या ५२२ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास आला. त्यात १,१६,४७७ रुग्ण होते. सगळी २१ औषधं खोट्या गोळीपेक्षा, म्हणजे आत औषधच नसलेल्या गोळीपेक्षा, सरस ठरली, पण फरक मध्यम होता, चमत्कार नव्हता. ढोबळमानाने, अशा चाचण्यांत औषध घेणाऱ्या शंभरातल्या पन्नासेक जणांना सहा ते आठ आठवड्यांत ठळक बरं वाटतं, खोट्या गोळीवर पस्तीस ते चाळीस जणांना. पहिल्याच औषधाने पूर्ण बरे होणारे साधारण एक तृतीयांश. हे आधी माहीत असलं की पहिली गोळी लागू पडली नाही तरी "माझं काही होणार नाही" असं वाटत नाही. दुसरं औषध देऊन पाहणं हा उपचाराचाच भाग आहे.

२. डॉक्टरांकडे जाताना काय न्यायचं

राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. ठाणे, पुणे, नागपूर आणि आपलं रत्नागिरी. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात तपासून, औषध घेऊन माणसं त्याच दिवशी घरी जातात. नाव ऐकून घाबरू नका. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोसच्या जिल्हा रुग्णालयांतही मानसोपचाराची सोय असते. पुष्कळजण कोल्हापूरला, गोव्याला किंवा मुंबईत नातेवाइकांकडे जाऊन दाखवतात. चालेल, पण पहिल्याच भेटीत विचारा: दोन आठवड्यांनी मला यायला जमलं नाही तर फोनवर बोलता येईल का? सुरुवातीचे दोन महिने औषधाइतकीच डॉक्टरांची गाठ महत्त्वाची असते. वर्षातून दोनदा भेटणाऱ्या मोठ्या डॉक्टरांपेक्षा हाकेच्या अंतरावरचे डॉक्टर बरे, हे माझं ठाम मत आहे.

बरोबर घ्या:

- सध्या चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या. बीपी, साखर, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, सांधेदुखीच्या गोळ्या, वैद्यांचे काढे आणि चूर्णंसुद्धा.
- जुने रिपोर्ट. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ यांच्या कमतरतेनेही माणूस असाच मलूल होतो, म्हणून त्या तपासण्या सांगतात. वय जास्त असेल तर सोडियम आणि ईसीजीही.
- आधार कार्ड, आणि असेल तर जुना केसपेपर.
- एक पानभर टिपण: कधीपासून, झोप किती, जेवण किती, पूर्वी असं झालं होतं का, घराण्यात कुणाला होतं का, कुणाला कोणती गोळी लागू पडली होती.
- दारू किती होते, याचं खरं उत्तर.
- गरोदर असाल, दिवस राहावेत असं ठरवत असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा.

बरोबर घरातलं एक माणूस हवंच. त्याने एक गोष्ट आठवून सांगायची: पूर्वी कधी याउलट काळ होता का? झोपेची गरज नाही, अखंड बडबड, हातात पैसा थांबत नाही, मोठमोठे बेत, असे दिवस? तसं असेल तर आजार द्विध्रुवी असू शकतो. त्यात नुसती नैराश्याची गोळी दिली तर माणूस दुसऱ्या टोकाला उसळू शकतो. रुग्णाला त्या दिवसांत आजार वाटलेलाच नसतो, म्हणून तो सांगत नाही.

३. तुम्हाला कोणता त्रास परवडणार नाही, ते सांगा

"याचे साइड इफेक्ट काय?" एवढंच विचारलं तर "थोडी मळमळ होईल, जाईल" असं उत्तर येतं. त्यापेक्षा आपलं काम आणि आपला दिवस कसा असतो ते डॉक्टरांना सांगा. बहुतेक औषधांचा गुण जवळपास सारखा असतो, वेगळे असतात ते त्रास. निवड बऱ्याचदा त्यावरच होते.

एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन हा गट बहुधा आधी दिला जातो. मळमळ, पातळ शौच, डोकेदुखी, झोपेत फरक, जास्त घाम आणि आतून थरथरल्यासारखं होणं हे त्यांचे सुरुवातीचे त्रास. यातले बरेचसे एक-दोन आठवड्यांत ओसरतात. शरीरसंबंधाची इच्छा कमी होणं किंवा समाधान न मिळणं हा त्रास मात्र टिकून राहू शकतो, आणि आपल्याकडे त्याबद्दल कुणी तोंड उघडत नाही. बायका तर नाहीच. बोला. त्यावर उपाय असतात, आणि न बोलता गोळी सोडणाऱ्यांचं पुष्कळदा हेच कारण असतं.

मिर्टाझापिनने झोप आणि भूक वाढते. जिला झोप नाही, अन्न जात नाही, वजन उतरलंय, तिला तोच फायदा. ज्याला मधुमेह आहे आणि वजन आधीच जास्त आहे, त्याला तोच तोटा. वेनलाफॅक्सिनने काहींचा रक्तदाब वाढतो, आणि एक दिवस गोळी चुकली तरी अंगाला जाणवतं. अ‍ॅमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन ही जुनी, स्वस्त आणि गुणकारी औषधं आहेत, पण तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो, म्हाताऱ्या पुरुषांची लघवी अडू शकते, आणि हृदयाचा विकार असेल तर जपावं लागतं.

आता हे आपल्या माणसांना लावून पाहा. माडावर चढणारा पाडेली, झेला घेऊन कलमावर चढणारा गडी, आंबोली घाटातून रोज गाडी काढणारा ड्रायव्हर यांना सुस्ती आणणारं औषध सुरुवातीला धोक्याचं. नवीन गोळीचे किंवा वाढवलेल्या डोसचे पहिले दोन आठवडे झाडावर चढू नका, घाटात गाडी चालवू नका. बोटीवरच्या खलाशाला भर समुद्रात चक्कर आली तर जीवावरचं आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या काळात औषध सुरू करणं त्याला सोयीचं जातं. पण आजार तीव्र असेल तर जूनची वाट पाहू नका. थोडे दिवस किनाऱ्यावरचं काम मागून घ्या.

आजी-आजोबांची गोष्ट वेगळी. वरच्या पहिल्या गटातल्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांचं सोडियम कमी होऊ शकतं, त्यातही बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर जास्त. माणूस अचानक गोंधळला, तोल जाऊ लागला, असंबद्ध बोलायला लागला, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. रक्त तपासा.

मेडिकलमधून मनाने आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांबद्दलही विचारून ठेवा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा अ‍ॅस्पिरिन वरच्या पहिल्या गटातल्या गोळ्यांसोबत घेतली तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ट्रामाडॉलसोबतही धोका आहे. आणि मन स्थिर ठेवणारं लिथियम हे औषध दिलं असेल तर आपल्या एप्रिल-मेच्या घामात विशेष जपा. जुलाब, उलट्या, भरपूर घाम आणि कमी पाणी यांनी लिथियमची रक्तातली पातळी वाढून विषबाधा होऊ शकते. म्हणून रक्ततपासणी चुकवायची नाही आणि जेवणातलं मीठ एकदम कमी करायचं नाही.

४. पहिले सहा आठवडे: त्रास आधी, फायदा मागून

या औषधांचा क्रमच उलटा आहे: त्रास पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून, फायदा दोन ते चार आठवड्यांनी, पूर्ण गुण सहा ते आठ आठवड्यांनी. पहिल्या आठवड्यात हिशोब केला तर एकाच पारड्यात वजन दिसतं. बहुतेक गोळ्या तिथेच सुटतात.

साधी शंभर पानी वही घ्या. रोज चार ओळी: झोप किती तास, जेवण किती, आजचा त्रास (० ते १०), आजचं मन (० ते १०). लिहायचं त्राण नसेल तर घरच्यांनी लिहावं. माझ्या वहीत सुरुवातीचं अक्षर सगळं माझ्या नणंदेचं आहे. मळमळत असेल तर गोळी पेजेनंतर किंवा जेवणानंतर घ्या. झोप उडत असेल तर सकाळी, सुस्ती येत असेल तर रात्री, पण वेळ बदलताना डॉक्टरांना विचारून. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

पुढच्या गोष्टींसाठी मात्र वाट पाहायची नाही, त्याच दिवशी फोन करायचा. बसवत नाही, उभं राहवत नाही अशी असह्य तगमग. मरणाचे विचार नव्याने येणं किंवा वाढणं; २५ वर्षांच्या आतल्या मुलामुलींमध्ये पहिल्या आठवड्यांत आणि डोस बदलताना हा धोका अधिक असतो, म्हणून घरच्यांनी डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं. झोपेविना अंगात संचारल्यासारखा उत्साह. अंगावर पुरळ. काळी शौच. ताप, थरथर, स्नायू आखडणं आणि गोंधळ एकत्र दिसलं तर फोन करत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

घरच्यांसाठी एक नाजूक गोष्ट. कधीकधी मन उजळण्याआधी अंगात ताकद येते. माणूस उठू-फिरू लागला म्हणून धोका टळला असं धरू नका. कुलूप आणि किल्ली तशीच राहू दे, आणि गोळ्या आठवड्यापुरत्याच हातात द्या.

इथला एक मोठा सापळा सांगते. सुरुवातीला झोपेसाठी, तगमगीसाठी क्लोनाझेपामसारखी गोळी जोडून देतात. तिचा आराम त्याच रात्री मिळतो, म्हणून माणसाला तीच खरी गोळी वाटते. दोन-चार आठवड्यांनी डॉक्टर ती कमी करायला सांगतात, तर लोक तीच चालू ठेवतात आणि नैराश्याची गोळी सोडतात. सवय लागते ती या झोपेच्या गोळीची. चिठ्ठीवर कोणती गोळी किती दिवस हे मोठ्या अक्षरात लिहून घ्या.

५. हिशोबाचा दिवस

चार आठवड्यांनी वही घेऊन डॉक्टरांपुढे बसा. पीएचक्यू-९ पुन्हा भरा. चार आठवड्यांत काडीचाही फरक नसेल तर डोस किंवा औषध बदलण्याचं बोलणं करायला हवं. थोडा फरक असेल तर आणखी दोन-चार आठवडे देतात.

फायदा ओळखायचा कसा? आनंद वाटेल याची वाट पाहू नका, तो सगळ्यात शेवटी येतो. आधी दिसतात बारीक गोष्टी: न सांगता केलेली आंघोळ, मासळीला चव लागणं, फोन उचलणं, रागावणंसुद्धा. या घरच्यांना आधी दिसतात, म्हणून त्यांना विचारा. मग प्रत्येक त्रासापुढे तीन प्रश्न लिहा. तो कमी होतोय की वाढतोय? त्याच्यामुळे माझं कोणतं काम अडतंय? तो जाणार असेल तर मी आणखी किती आठवडे काढू शकते? "गोळी सोसत नाही" या एका वाक्याने डॉक्टरांना काही कळत नाही. "दुपारी तीनपर्यंत गुंगी राहते, तीन आठवड्यांत कमी झाली नाही, त्यामुळे चूल पेटवताना भीती वाटते" यातून कळतं. मग डोस कमी करणं, वेळ हलवणं, दुसरं औषध देणं, जोडीला काही देणं असे मार्ग निघतात.

दोन औषधं पुरेसा डोस आणि पुरेसा काळ देऊनही लागू पडली नाहीत, किंवा माणूस खाणं-पिणंच सोडून बसला, तर विद्युत उपचाराचा (ईसीटी, म्हणजे मेंदूला थोडा वेळ विजेचा झटका देण्याचा) विषय निघू शकतो. तो शब्द ऐकून उठून जाऊ नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय तो करायला बंदी आहे. तीव्र नैराश्यात तो फार गुणकारी आहे. तोटा मुख्यतः स्मरणाचा, उपचाराच्या आसपासच्या दिवसांच्या आठवणी पुसट होतात. तोही असाच तोलून ठरवा.

६. गाव, देव आणि चाकरमानी

गाऱ्हाणं घालायचं असेल तर घाला. कौल घ्यायचा असेल तर घ्या. आमच्या घरीही देवाला गाऱ्हाणं घातलं, आणि त्याने माझ्या सासूबाईंना धीर आला. अट एकच: त्यासाठी गोळी एक दिवसही थांबवायची नाही, आणि "आधी गोळ्या बंद करा" म्हणणाऱ्याकडे पुन्हा जायचं नाही.

गणपतीत आणि शिमग्याला घर भरतं. मुंबईहून आलेलं कुणीतरी पाकीट बघून "कशाला या गोळ्या, मन घट्ट कर" म्हणतं. उत्तर आधीच ठरवून ठेवा आणि ते घरातल्या दुसऱ्याने द्यावं: "डॉक्टरांनी दिल्यात, गुण येतोय, चालू राहणार." लोक काय म्हणतले ही भीती खरी आहे, तिला मी क्षुल्लक म्हणणार नाही. पण आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुम्हाला दिलाय. गावच्या मेडिकलमध्ये संकोच वाटत असेल तर तालुक्याच्या ठिकाणाहून किंवा जनऔषधी केंद्रातून गोळ्या आणा, तिथे स्वस्तही पडतात. कंपनी बदलली तरी चालतं. घटकाचं नाव आणि मिलिग्रॅम चिठ्ठीशी जुळवून घ्या.

७. पावसाळ्याची बेगमी

जून ते सप्टेंबर दरड कोसळून घाट बंद होतात, एसटी रद्द होते, गोळी संपते. डॉक्टरांना सांगून पंधरा दिवसांचा जादा साठा ठेवा, तो घरच्यांच्या ताब्यात. दमट हवेत गोळ्या पट्टीतून काढून ठेवू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात पट्टीसकट ठेवा. चिठ्ठीचा फोटो दोन मोबाइलमध्ये असू द्या.

८. बंद करायची वेळ

बरं वाटलं म्हणून बंद केलं, यासारखं घातक दुसरं काही नाही. पहिल्यांदाच झालं असेल तर पूर्ण बरं वाटू लागल्यानंतर साधारण सहा ते नऊ महिने तोच डोस चालू ठेवतात. पुन्हापुन्हा झालं असेल तर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त. गर्भ राहिला म्हणून घाबरून त्याच दिवशी सोडू नका. तिथेही आजार आणि औषध दोन्ही तोलून डॉक्टर ठरवतात.

थांबवायचं ठरलं की डोस आठवड्या-महिन्यांनी पायरीपायरीने उतरवायचा. एकदम सोडलं तर चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येऊ शकतात. हे त्रास गोळी सोडल्यावर काही दिवसांतच सुरू होतात. आजार परतताना मात्र बहुधा हळूहळू येतो: आधी झोप बिघडते, मग जेवण, मग माणसं नकोशी होतात. वही पुन्हा काढा आणि कोणतं कधी सुरू झालं ते लिहा, म्हणजे डॉक्टरांना फरक करता येईल. डोस उतरवायला आंब्याचा हंगाम, घरातलं लग्न, गणपती असे दिवस टाळा. ज्या दोन-तीन महिन्यांत घर शांत असतं ते निवडा. घरातल्या एका माणसाला आधीच सांगून ठेवा की मी पहाटे उठून बसायला लागले तर तू मला सांगायचंस, आणि मी नाही म्हटलं तरी डॉक्टरांना फोन लावायचास. त्रास फार झाला तर डॉक्टर आधीच्या डोसवर नेतात, काही आठवडे थांबतात आणि मग आणखी लहान पायरीने उतरवतात.